आमरीचा उन्हाळा



एप्रिल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. माठातले पाणी गार राहत नाही, कुरडयांना वास येतो, मोगऱ्याला कळ्या धरत नाहीत. या वेळी मात्र जिंतूर तालुक्यातल्या एका ताईंनी निराळाच प्रश्न विचारला आहे. त्यांची मुलगी पुण्याला नोकरी करते. भीमजयंतीला घरी येताना तिने जांभळ्या फुलांच्या तुऱ्याचे ऑर्किडचे झाड आणले. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेजवळ ते ठेवले, साऱ्या वस्तीने पाहिले, कौतुक केले. आठवड्याने मुलगी परत गेली आणि झाडाची पाने मलूल पडू लागली. त्यातच शेजारच्या एक आजी म्हणाल्या, "अगं, हे तर बांडगूळ. झाडाचं रक्त पिणारं. घरात कशाला ठेवलंस?" ताई विचारतात की आमच्या पत्र्याच्या घरात हे झाड बुद्धपौर्णिमेपर्यंत तरी टिकेल का? आणि ते खरेच बांडगूळ आहे का?

प्रश्न दोन आहेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देते, कारण ते कळले की पहिल्याचे उत्तर निम्मे आपोआप मिळते.

बांडगूळ कोणते आणि आमरी कोणती?

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आंब्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर जे खरे बांडगूळ दिसते, ते आपले मूळ फांदीच्या सालीत घुसवते आणि झाडाने जमिनीतून ओढलेले पाणी व क्षार पिते. ते जिथे चिकटते तिथे फांदीला गाठ येते आणि पुढे पुढे त्या गाठीपलीकडची फांदी वाळत जाते. त्याची फळे चिकट असतात. लहान पक्षी ती खातात आणि बी दुसऱ्या फांदीवर नेऊन लावतात.

आमरीही झाडावर राहते, पण तिचे मूळ सालीच्या आत जात नाही. ते सालीवरून सुतळीसारखे सरपटते, खाचेत धरून बसते आणि उरलेले हवेत लोंबते. पावसाचे पाणी, दव, वाऱ्याने आलेली धूळ, सालीवर कुजलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचे भागते. तिला झाडाकडून हवी असते फक्त बसायला जागा. गर्दीच्या गाडीत दांडी धरून उभा राहणारा प्रवासी शेजाऱ्याच्या डब्यातली भाकरी खात नाही, तसेच हे.

गंमत अशी की ही गफलत तिच्या नावातच शिरली आहे. आमरीच्या एका मोठ्या कुळाला जगभर 'वांडा' म्हणतात. हे नाव आले संस्कृतातल्या 'वंदा' या शब्दावरून, आणि झाडावर वाढणाऱ्या बांडगुळासारख्या वनस्पतींना तो शब्द सरसकट वापरला जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्स यांनी तो उचलला आणि तो शास्त्राच्या पुस्तकात कायमचा बसला. एकदा कुणी वरवर पाहून नाव ठेवले की ते पुसायला पिढ्या जातात.

हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. ज्यांच्या वाडवडिलांनी गावाची मेलेली ढोरे ओढली, वेस राखली, रात्री-अपरात्री निरोप पोहोचवले, त्यांनाच 'गावाच्या जिवावर जगणारे' म्हणणारी तोंडे होती. म्हणून निदान आपल्या घरात तरी कुणाला, अगदी झाडालाही, तपासल्याशिवाय बांडगूळ म्हणू नये. तथागतांनी केसमुत्तीच्या कालामांना हाच उपदेश केला होता. ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्यावर काही मानू नका, स्वतः तपासा. शेजारच्या आजींचा मान राखावाच, पण त्यांना हाताला धरून झाडाजवळ न्यावे आणि मूळ दाखवावे.

मूळ काय सांगते?

आमरीचे मूळ पाहिलेत तर ते जाड आणि पांढरट दिसेल. त्याच्यावर स्पंजासारखे आवरण असते. पाण्याचा हबका बसला की ते आवरण क्षणात पाणी ओढते आणि मूळ हिरवे दिसू लागते. पाणी संपले की पुन्हा पांढरे, चंदेरी. म्हणजे झाडाला तहान लागली की नाही हे ते स्वतःच सांगते. मूळ पांढरे असेल तर पाणी द्यावे, हिरवे असेल तर थांबावे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही वाचता येईल असे हे पुस्तक आहे.

त्या आवरणाला पाण्याइतकीच हवा लागते. म्हणून काळ्या मातीत आमरी लावणे म्हणजे तिचा गळा दाबणे. आपल्याकडे बहुतेक आमऱ्या उन्हाने मरतात असे वाटते, पण पुष्कळदा त्या मरतात मायेने. बाहेर ऊन रणरणते म्हणून बाई सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी कुंडीत ओतते. कुंडीला खाली एकच भोक, आत चिखल. मुळे कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाने सुकतात. पाने सुकली म्हणून बाई आणखी पाणी ओतते. ताई, तुमच्या झाडाची पाने मलूल आहेत, तर आधी मुळे पाहा. बोटाने दाबल्यावर टणक लागली तर झाडाला पाणी कमी पडते आहे. मऊ, तपकिरी, साल निसटणारी असली तर पाणी जास्त झाले आहे. पानांवरून दोन्ही सारखेच दिसते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रे उघडतात. रुंद पानांची फॅलेनॉप्सिस आणि लोंबत्या मुळांची वांडा या आमऱ्या मात्र दिवसा छिद्रे मिटून घेतात आणि रात्री गारवा झाला की उघडतात. निवडुंग आणि घायपात हेच करतात, कारण दुपारी छिद्रे उघडली तर अंगातले पाणी उडून जाईल. म्हणून आमरीला दुपारी सावली हवी आणि रात्री मोकळी गार हवा हवी. दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या खोलीत दार-खिडकी लावून तिला रात्री कोंडले, तर दिवसभर धरून ठेवलेला श्वास तिने सोडायचा कुठे?

जागा कोणती द्यावी?

परभणीचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जाणे ही नेहमीची गोष्ट, आणि दुपारी हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचे लुगडे अर्ध्या तासात वाळते. फॅलेनॉप्सिसला सुखाची हवा म्हणजे साधारण १८ ते ३० अंश. पस्तीसच्या पुढे तिची वाढ थांबते. म्हणून या दोन महिन्यांत तिच्याकडून नव्या फुलांची अपेक्षा ठेवू नये. तिने तग धरला म्हणजे जिंकले.

पत्र्याच्या घरात कुंडी वर टांगू नका. आढ्याजवळची हवा आणि जमिनीजवळची हवा यांत केवढा फरक असतो हे माळ्यावरचा डबा काढताना कळतेच. कुंडी जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवावी. घराची उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची बाजू बघावी. सकाळचे आठपर्यंतचे कोवळे ऊन चालते, नव्हे, हवेच असते. नंतर सावली. लिंबाखाली, ओट्यावर, न्हाणीच्या भिंतीलगत अशी जागा बहुतेक घरांना असते. जागाच नसेल तर दोन बांबूंना हिरवी शेडनेट किंवा जुने सुती लुगडे दुहेरी करून बांधावे. दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीला टेकून कुंडी कधीच ठेवू नये. ती भिंत रात्री दहापर्यंत वाफ टाकते.

दुपारी बारा ते पाच गोणपाट भिजवून कुंडीच्या वाऱ्याच्या बाजूला टांगावे. कूलर असेल तर त्याची हवा लागणाऱ्या खोलीत लांबच्या कोपऱ्यात झाड ठेवले तरी चालते, मात्र झोत थेट पानांवर नको. एका पसरट ताटलीत खडे टाकून पाणी भरावे आणि त्या खड्यांवर कुंडी ठेवावी. कुंडीचे बूड पाण्यात बुडता कामा नये. खालून वाफ येत राहते आणि झाडाभोवतीची हवा जरा ओली राहते. ताटलीतले पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतून, ताटली घासून पुन्हा भरावी. नाही तर आमरी जगेल आणि घरात डेंग्यूचे डास होतील.

सूर्य मावळला की कुंडी अंगणात मोकळ्या हवेत आणावी, सकाळी पुन्हा सावलीत न्यावी. पाळण्यातले मूल आत-बाहेर करतो तेवढेच काम आहे.

हवेचे महत्त्व कळायला युरोपातल्या श्रीमंतांनाही फार वर्षे लागली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या जमीनदारांना ऑर्किडचे वेड लागले. दक्षिण अमेरिकेतली आणि आशियातली जंगले लुटून त्यांनी बोटी भरभरून झाडे नेली. उष्ण देशाचे झाड म्हणून काचेच्या बंद घरात, भट्टी पेटवून, कोंदट वाफेत ठेवली आणि हजारांनी मारली. जोसेफ पॅक्स्टन हा शेतकरी कुटुंबातला मुलगा चॅट्सवर्थ येथे एका ड्यूककडे मुख्य माळी होता. १८३० नंतरच्या दशकात त्याने काचघरात वारा खेळू दिला, उष्णता कमी केली, प्रत्येक जातीची गरज निरनिराळी धरली, आणि झाडे जगली. मालकाकडे पैसा होता. झाडाकडे बघण्याची नजर मात्र माळ्याकडे होती.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जी जागा आमरीला मानवते, तीच जागा तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्या माणसालाही मानवते. ज्या कोपऱ्यात झाडाची पाने दुपारी सुरकुततात, तिथे आजीची खाट किंवा बाळाची झोळी ठेवू नका. उष्माघाताने माणसे जातात ती उन्हात काम करतानाच जातात असे नाही. वारा नसलेल्या तापल्या खोलीत झोपलेली म्हातारी माणसेही जातात. शेडनेट बांधाल तर आधी आजीच्या खाटेवर बांधा आणि तिच्याच सावलीत कुंडी ठेवा.

पाणी किती आणि कसले?

पाण्याचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यात उतरून पाणी प्यायले, ते दिवसही उन्हाळ्याचेच होते. आणि आपल्या शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही तर कालचीच गोष्ट. ज्या वस्तीत नळ आठवड्यातून एकदा येतो, तिथे फुलझाडाला पाणी घालताना बाईचा हात थबकतो. तो थबकावा हे बरोबरच आहे. आधी माणूस, मग जनावर, मग झाड. पण आमरी फार मागत नाही. एका कुंडीला दिवसाकाठी तांब्याभर पाणी पुरते, आणि तेही वाया जात नाही. पातेल्यात पाणी घेऊन कुंडी दहा-पंधरा मिनिटे त्यात बुडवून ठेवावी, उचलून पूर्ण निथळू द्यावी आणि पातेल्यातले पाणी मोगऱ्याला किंवा कढीपत्त्याला घालावे. एका पाण्यात दोन झाडे भागतात.

पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे. भर दुपारी कधीच नको. छतावरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला पोळते, तर मुळांचे काय होईल? ते रात्रीच काढून मातीच्या भांड्यात ठेवावे. कुंडीतल्या झाडाला या दिवसांत साधारण दिवसाआड पाणी लागते, पण वार मोजू नका, मूळ पाहा. मुळे उघडी लोंबत असलेल्या वांडाला मात्र सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी शिंपडावे लागते. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधोमध, जिथून नवे पान येते तिथे, पाणी साचले तर गाभा सडतो आणि झाड हातचे जाते. पाणी दिल्यावर तिथे सुती चिंधीचे टोक लावून थेंब टिपून घ्यावा.

बोअरचे पाणी आपल्याकडे जड असते. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो, तोच थर आमरीच्या मुळांवर बसतो आणि स्पंजाची तोंडे बुजतात. नळाचे साठवलेले पाणी त्यापेक्षा बरे. बोअरचेच द्यावे लागले तर आठवड्यातून एकदा चांगल्या पाण्याने मुळे धुऊन काढावीत. ए.सी.च्या नळीतून ठिबकणारे पाणी क्षाररहित असते. जवळच्या दुकानाच्या मागे ते गटारात जात असेल तर विचारून बादली लावावी. कूलरच्या टाकीत राहिलेले पाणी मात्र देऊ नका. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे ते खारटच होत जाते. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणीही तसेच. ते फरशी पुसायला वापरावे. तांदळाच्या धुवणाने आमरीच्या मुळांना बुरशी धरते, ते कढीपत्त्याला जाऊ द्यावे. आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, तर पत्र्याची पहिली धूळ वाहून गेल्यावर पन्हाळीखाली घागर लावावी. पावसाच्या पाण्यासारखे दुसरे औषध नाही.

कुंडी, खत आणि कात्री

दुकानातून आलेले झाड पुष्कळदा प्लॅस्टिकच्या पारदर्शक कपात असते आणि तो कप चिनीमातीच्या शोभेच्या कुंडीत बसवलेला असतो. शोभेची कुंडी आधी काढून टाका, तिच्यात पाणी साचते. कप तसाच राहू द्या. भर उन्हाळ्यात कुंडी बदलू नका, कारण बदलताना मुळे दुखावतात आणि कडक हवेत ती भरून येत नाहीत. ते काम पावसाळ्याच्या तोंडाशी करावे. तेव्हा मातीची कुंडी घ्यावी आणि कुंभाराकडून तिला चहूबाजूंनी भोके पाडून घ्यावीत. गळका माठ मिळाला तर फारच उत्तम. माठ पाझरून पाणी जसे गार करतो, तशीच मातीची कुंडी मुळांना गार ठेवते. आत माती घालायची नाही. लाकडी कोळशाचे सुपारीएवढे तुकडे, विटांचे तुकडे आणि भिजवून धुतलेला नारळाचा काथ्या एवढेच भरावे. यातले काहीही विकत आणावे लागत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत खत बंद. झाड जेवायच्या मनःस्थितीत नसते. खताचे क्षार मुळांना जाळतात. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की मग पंधरा दिवसांतून एकदा, पुडीवर लिहिलेल्या मात्रेच्या पाव हिश्शाने द्यावे.

पानावर पांढरट-पिवळा चट्टा पडून तो नंतर काळा, कागदासारखा झाला तर तो उन्हाचा चटका आहे. रोग नाही. जागा बदला, पान कापू नका. उरलेले हिरवे पान झाडासाठी काम करतच असते. फुले गळून दांडा हिरवा राहिला तर राहू द्या, पूर्ण वाळला की बुडाजवळ कापा. डेंड्रोबियमची उसासारखी पेरे असलेली जुनी कांडी पाने गळून उघडी पडते. ती मेली असे समजून कापू नका. तिच्यात पाणी आणि अन्न साठवलेले असते. घरातले निवृत्त झालेले वडील दिसायला बसून असतात, पण त्यांच्या पेन्शनीवर नातवाची फी भरली जाते, तशी ती कांडी असते.

ताई, एवढे सांभाळलेत तर तुमचे झाड बुद्धपौर्णिमाच काय, पुढची भीमजयंतीही पाहील.

एका गुलाम मुलाची गोष्ट

उन्हाळ्याची सुट्टी आहे, मुले कुल्फी-आइस्क्रीमचा हट्ट धरतील. त्यांना व्हॅनिला आइस्क्रीम देताना ही गोष्ट जरूर सांगा. व्हॅनिलाचा सुवास ज्या शेंगेपासून मिळतो, ती शेंग एका आमरीच्या वेलाला येते. तो वेल मूळचा मेक्सिकोकडचा. तो इतर देशांत नेला, वाढला, फुलला, पण शेंगा धरेनात, कारण परागीभवन करणारे तिकडचे कीटक इकडे नव्हते. मोठमोठे मळेवाले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हैराण झाले.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने हे कोडे सोडवले. तो गुलाम होता. जन्मताच आई गेलेली, आडनावसुद्धा नव्हते. फुलाच्या आतला पडदा बारीक काडीने उचलून अंगठ्याने पराग टेकवायचा, एवढीच त्याची युक्ती. तीच युक्ती मळ्यामळ्यातून पसरली आणि आजही व्हॅनिलाची लागवड तिच्यावरच चालते. १८४८ साली तिथली गुलामगिरी संपली तेव्हा त्याला 'आल्बियस' हे आडनाव मिळाले. पुढे एका नामवंत शास्त्रज्ञाने ही युक्ती आपलीच असल्याचा दावा केला. गुलाम पोराला एवढी अक्कल कुठून, असेच पुष्कळांना वाटले असणार. त्याचा पूर्वीचा मालकच त्याच्या बाजूने लिहिता झाला, म्हणून त्याचे नाव राहिले. त्याच्या युक्तीवर मळेवाले गबर झाले आणि तो स्वतः १८८० साली दारिद्र्यात वारला.

मुलांना एवढेच सांगा की ज्याच्या हाताला काम आहे आणि ज्याचे डोळे उघडे आहेत, त्याला विद्वानालाही न दिसलेले दिसू शकते. पण ते लिहून ठेवायला शिकले पाहिजे, नाही तर श्रेय दुसराच घेऊन जातो. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द सर्वांत आधी का ठेवला, ते यावरून कळेल.

आपल्या मुलखातली आमरी

आमरी म्हणजे पुण्या-मुंबईच्या दुकानातली चार-पाचशे रुपयांची वस्तू, असे कुणी समजू नये. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत राहणारी आमरीही आहे. तिला रास्ना म्हणतात. ती वांडाच्याच कुळातली. आंब्यावर, बाभळीवर, मोहावर जाड, पन्हाळीसारखी दुमडलेली, टोकाशी कुरतडल्यासारखी पाने दोन बाजूंना ओळीने लागलेली दिसली, आणि खाली पांढऱ्या सुतळीसारखी मुळे दिसली, की ती रास्ना. तिची फुले नेमकी उन्हाळ्यात येऊ लागतात. पिवळट-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मध्ये निळी-जांभळी जीभ, आणि मंद वास. बाकी रान करपलेले असताना ती फुलते. तिला कुणी पाणी घालत नाही, कुणी गोणपाट बांधत नाही.

तिला धोका उन्हाचा नाही, कोयत्याचा आहे. बांडगूळ म्हणून ती खरवडून टाकली जाते. औषधाला मुळे विकायची म्हणून ओरबाडली जाते. बाजारात रास्ना या नावाने वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात, तेव्हा सांधेदुखीवर म्हणून ही मुळे स्वतःच्या मनाने उगाळून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि बांधावरची जुनी झाडे तोडली की तिच्यावरची रास्ना सरपणात जाते. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नाचा साठाच नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि रुजल्यावर फूल यायला काही वर्षे लागतात. एका शेंगेत बी अमाप असते, पण रोप होते एखादे. म्हणून एक झाड ओरबाडले की तेवढ्यावरच नुकसान थांबत नाही.

आपल्या बायाबापड्या शेतात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर असतात. झाड पडते तेव्हा तिथे सर्वांत आधी आपलेच माणूस हजर असते. तेव्हा एवढे करावे. उभ्या झाडावरची रास्ना काढू नये, घरी आणायची म्हणूनही नाही. पण झाड तोडलेलेच असेल, तर फांदीसकट किंवा सालीच्या तुकड्यासकट ती अलगद उचलावी आणि विहाराच्या, शाळेच्या किंवा घराच्या आवारातल्या खडबडीत सालीच्या झाडाला, आंब्याला नाही तर लिंबाला, पूर्वेच्या बाजूने सुतळीने बांधावी. निलगिरी आणि पेरूची साल सोलून पडते, ती झाडे नकोत. खाली नारळाचा काथ्या ठेवावा, पहिला पाऊस येईपर्यंत रोज संध्याकाळी मुळांवर पाणी शिंपडावे. मुळांनी साल धरली की सुतळी कुजली तरी हरकत नाही. अडले तर परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या महाविद्यालयात जाऊन विचारावे. १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी, हे विद्यापीठ उभे राहिले ते आपल्याच मुलखासाठी. तिथे प्रश्न घेऊन जायला संकोच नको.

सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात लिहून ठेवले आहे की माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपयोगी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या, रस्त्याकडेला झाडे लावली, विहिरी खोदल्या. राजाने ते केले. आपल्याला विहाराच्या आवारातल्या एका लिंबाला एक रास्ना बांधता येईल. बुद्धपौर्णिमेच्या वंदनेला फुले तोडून आणतो तेव्हा पुष्पपूजेची गाथा आपल्याला सांगते की हे फूल जसे कोमेजते तसाच हा देहही जाणार आहे. ते सत्यच आहे. मग झाडावर असलेले फूल न तोडता, त्याच्याखाली उभे राहून वंदना घेतली तरी गाथेचा अर्थ कमी होत नाही. आणि मुलांना ते झाड पुढच्या वैशाखातही तिथेच दिसते.

येत्या रविवारी वस्तीतल्या मुलांना घेऊन जवळपासची जुनी झाडे पाहून या. झाडावर हिरवे काही दिसले तर ते कशाला चिकटले आहे, फांदीला गाठ आली आहे की मुळे सालीवरून नुसती सरपटत आहेत, ते मुलांनाच ओळखू द्या. रास्ना सापडली तर गाव, झाड आणि फुलांचा दिनांक एका पोस्टकार्डावर लिहून या सदराकडे पाठवा. पावसाळ्याच्या अंकात ती सारी माहिती मुलांच्या नावानिशी छापू.

नमो बुद्धाय! जयभीम!